चार तारा आणि एक म्हैस

आमच्या घरात पदवी एक आहे आणि ढाली अकरा आहेत. पदवी माझी आहे, ढाली म्हशीच्या आहेत.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. (तक्रार म्हणूनच सांगतोय, पण पहिल्याच ओळीत कबूल करायला जीव होत नाही.) आमच्या घराण्यात पणजोबांपासून सगळ्यांनी म्हशी राखल्या. दहावीच्या पुढं गेलेला पहिला माणूस मी. बारावीच्या पुढं गेलेलाही मीच. बी.कॉम. झालो तेव्हा वडिलांनी, आबांनी, आख्ख्या गल्लीला पेढे वाटले होते आणि पदवीला सागवानी चौकट करून ती सोप्यात, दारातून आत आल्या आल्या दिसेल अशी लावली होती. पाहुणा आला की चपला काढता काढता माझं नाव वाचायचा.

मग माझ्या धाकट्या भावाला, बाळूला, म्हैस पळवण्याची पहिली ढाल मिळाली. आईनं ती पदवीच्या खालच्या फळीवर ठेवली. पुढच्या वर्षी दुसरी आली, तिच्या शेजारी. ढालींचं एक असतं, त्या दरवर्षी उंच होत जातात. गेल्या दिवाळीपर्यंत परिस्थिती अशी झाली होती, की माझं नाव, विषय आणि श्रेणी ढालींच्या मागं गेली होती आणि वर विद्यापीठाचा गोल शिक्का तेवढा दिसायचा. मध्यंतरी एका पाहुण्यानं तो शिक्का निरखून विचारलं होतं, की हे दुधाच्या फॅटचं सर्टिफिकेट का?

बाळू नववी नापास आहे. सकाळी कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर म्हैस बांधून तो समोरच धार काढून देतो. डॉक्टर, वकील, माझ्याच कॉलेजातले प्राध्यापक हातात ग्लास धरून त्याच्यापुढं रांगेत उभे असतात. मी त्याच कॉलेजच्या लायब्ररीत आहे. माझ्यापुढं कुणी रांगेत उभं राहत नाही. दिवसभर लोकांना 'शांतता राखा' म्हणणं हे माझं काम. माझ्या मुलीनं, पिंकीनं, शाळेत 'माझा आदर्श' या विषयावर निबंध लिहिला तो दोन पानं काकावर होता. शेवटी एक ओळ होती : 'माझे बाबा पुस्तकांना नंबर देतात.' बाईंनी त्या ओळीखाली लाल शाईनं 'विषयांतर' असं लिहिलं होतं!

तर मी जळत होतो. सरळ सांगतो, कारण गल्लीला ते ठाऊकच आहे.

आता म्हैस पळवणं म्हणजे काय ते सांगायला हवं. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशीला नदीवर घासून धुतात, अंग भादरतात, शिंगं रंगवतात, गळ्यात घुंगरांचे पट्टे आणि कपाळावर मोरपिसांचा तुरा बांधतात. मग मालक मोटारसायकलवर बसून पुढं सुटतो आणि म्हैस मागून धावते. दावं नाही, दोरी नाही. मोटारसायकलचा सायलेन्सर काढलेला असतो, त्या धडधडीच्या मागं म्हशीनं यायचं. आमच्या तालमीच्या स्पर्धेत एक जास्तीचा नियम आहे. मालकानं मागं वळून बघायचं नाही. बघितलं की बाद. म्हशीवर भरवसा नसलेला मालक कसला मालक, असं तालमीचे वस्ताद म्हणतात.

बाळूच्या म्हशीचं नाव मैना. (वजन साधारण एका जीपएवढं.) ती रेडकू असल्यापासून बाळूनं तिला शिकवली. गाडी सुरू करायची, धडधड झाली की तिच्या तोंडापुढं पेंडीचं घमेलं धरायचं. असं दोन वर्षं. धडधड म्हणजे पेंड, हा हिशेब मैनेच्या डोक्यात इतका पक्का बसला, की माझ्या डोक्यात बी.कॉम.चा एकही हिशेब तेवढा पक्का बसला नाही. गेली दोन वर्षं तालमीची फिरती ढाल बाळूच्याच नावावर होती, पण ठेवलेली तालमीत. तिसऱ्या वर्षी जिंकला की ती कायमची घरात येणार. ती ढाल माणसाच्या कमरेएवढी आहे. ती आली की शिक्काही जाणार होता.

म्हणून मी कलेकडं वळलो.

मोबाईलवर जाहिरात दिसली : गिटार विकणे, तारा चार. गिटारला सहा तारा असतात एवढं मला ठाऊक होतं. चारच म्हणजे एक तृतीयांश अभ्यासक्रम कमी! रविवारी एस.टी. धरली आणि कागलला गेलो. विकणारा आधी ऑर्केस्ट्रात वाजवायचा, आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलेलं. त्यानं काउंटरखालून एक लांबलचक काळी पिशवी काढली. आत गिटार होती. पण गिटारची थोरली बहीण वाटावी अशी, मान वीतभर जास्त लांब, तारा साडी वाळत घालायच्या तारेएवढ्या जाड, आणि खांद्याला अडकवली तर माणूस आपोआप उजवीकडं कलावा एवढी जड.

"पावणं, बेस वाजवलाय का आधी?" त्यानं विचारलं.

बेस म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. पण पदवी झाल्यापासून मी कुणाला काही विचारलेलं नाही. मी म्हणालो, "मी बी.कॉम. आहे."

त्यानं समजल्यासारखी मान हलवली. मग तारांवरून हात फिरवत म्हणाला, "एक सांगतो, ध्यानात ठेवा. बेस वाजतोय तवर कुणाला ऐकू येत न्हाय. थांबला की मग सगळ्यास्नी कळतं, कायतरी गेलं."

मला भरून आलं. हे गिटारचं वर्णन नव्हतं, घरातल्या थोरल्या मुलाचं होतं. पुढं तो अँप्लिफायर, केबल, सूर लावणं असं बरंच सांगत होता. मी मान डोलावत होतो, पण मनानं केव्हाच कोल्हापुरात पोचलो होतो.

घरी आईनं आधी गिटारला उंबऱ्याबाहेर थांबवलं. भाकरतुकडा ओवाळून टाकला, कुंकू लावलं, नारळ फोडला आणि गिटारच्या डोक्याला, जिथं खुंट्या असतात तिथं, लिंबू-मिरची बांधली. (नवी गाडी घेतल्यावर बांधतात तशी. आमच्या घरात विकत आणलेल्या आणि म्हशीपेक्षा लहान असलेल्या प्रत्येक वस्तूला ती बांधली जाते. फ्रिजला आजही आहे.) आबा काठी टेकत आले, त्यांनी तारा मोजल्या, परत मोजल्या.

"चारच हाईत की. दोन तुटल्या व्हय?"

मी म्हटलं, आबा, हिला चारच असतात. आबा म्हणाले, "मग ठीक हाय. तुला दुकानदारानं असंच सांगितलं असणार."

सगळे गोल बसले. बायको सुजाता पिंकीला मांडीवर घेऊन बसली. मी पट्टा गळ्यात घातला, डोळे मिटले आणि जाड तार छेडली.

काही झालं नाही.

म्हणजे तार हलली. मला ती हलताना दिसत होती. पण आवाज म्हणाल तर भाताच्या शितावर माशी बसावी एवढाच. पिंकी म्हणाली, बाबा, सुरू करा की. मी म्हटलं, सुरूच आहे. तेवढ्यात बाळू धार काढून हात पुसत आला, गुडघ्यावर बसला, गिटारच्या लाकडाला कान लावला आणि मन लावून ऐकत राहिला.

"वाजतीया की, दादा," तो म्हणाला. "बारीक वाजतीया, पण गोड हाय."

बाळूचं हेच वाईट आहे. तो माझ्यावर जळत नाही. मी एवढी वर्षं त्याच्यावर जळतोय, त्यानं एकदा तरी परतफेड करावी! पण नाही. उलट त्यानंच ओळखलं, की ही विजेवर वाजते. आमच्या गोठ्याच्या माळ्यावर तालमीचा गणपतीतला अँप्लिफायर आणि दोन खांद्याएवढे स्पीकर ठेवलेले असतात. बाळूनं ते एकट्यानं खाली काढले, गोठ्याच्या पडवीत मांडले, केबल शोधली, जोडली. मग आदबीनं म्हणाला, "आता हाण."

मी हाणली.

त्या आवाजाचं वर्णन मला नीट करता येणार नाही, कारण तो कानानं ऐकू आला नाही, पोटात आला. धूंऽऽऽ! गोठ्याचे पत्रे थरथरले, फळीवरची किटली चालत कडेला गेली आणि खाली उडी मारली, शेजारच्या काकू भूकंप झाला म्हणून पोळपाट घेऊनच बाहेर आल्या. तीनही म्हशी उठून उभ्या राहिल्या. दोघी मागं सरकल्या. मैनेनं मात्र मान वर केली आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं माझ्याकडं घरात कुणी बघत नाही.

मी म्हटलं, बिचारी घाबरली. बाळू म्हणाला, "भ्याली न्हाय ती. भ्याली की शेपूट आत घेती. ही कान फुडं करून उभी हाय."

संगीताच्या बाबतीत नववी नापासाचं मत काय ऐकायचं, म्हणून मी दुर्लक्ष केलं. इथं वाचकानं एक खूण करून ठेवावी.

दुसऱ्या दिवसापासून माझी साधना सुरू झाली. लायब्ररीतून आलो, चहा घेतला, की बरोबर सहाला गोठ्याच्या पडवीत. सगळ्यात जाड तार मला आवडली, कारण ती चुकत नाही. डाव्या हातानं काहीच दाबायचं नाही, उजव्यानं नुसतं मारत राहायचं. धुम-धुम-धुम-धुम. बाकीच्या तीन तारा पुढच्या सत्राला ठेवल्या. आठवड्यात बोटांना असे फोड आले, की लायब्ररीत पुस्तकावर शिक्का मारताना मी कण्हायचो आणि शांतता राखत बसलेली मुलं माझ्याकडं वळून 'शू' करायची.

बेसचा स्वभाव हळूहळू कळत गेला. एक तर तो गाणं म्हणून ओळखू येत नाही. मी आठ दिवस घासून एक आरती बसवली आणि आबांना ऐकवायला घेतली. आबांनी दोन कडवी शांतपणे ऐकली. मग उठले, परड्यात गेले, परत आले आणि आईला म्हणाले, "मोटर तर बंद हाय. मग हे काय वाजतंय?" दुसरं म्हणजे सहाला माझं धुम-धुम सुरू झालं, की आई पेंडीचं घमेलं घेऊन गोठ्यात यायची. तिला घड्याळ बघायचा कंटाळा. मला म्हणाली, "तुझं बरं झालं बाबा, मैनेच्या पेंडीची येळ चुकत न्हाय आता." एवढ्या दिवसांत माझ्या वादनाला मिळालेली ही एकमेव दाद. मी ती मनात जपून ठेवली.

म्हणजे रोज सहाला मी वाजवायचो आणि रोज सहाला मैनेला पेंड मिळायची. ही इथं दुसरी खूण. मला तेव्हा दोन्ही दिसल्या नाहीत. मी वाणिज्य शाखेचा आहे.

पाडवा जवळ आला. तालमीच्या पोरांनी ठरवलं, की यंदा रेकॉर्ड लावायची नाही, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसून स्वतः वाजवायचं. बेंजो होता, ताशे होते, मी बेस घेऊन गेलो. अँप्लिफायर त्यांचाच असल्यामुळं नाही म्हणता येईना. सरावात सगळे बेंजोवाल्याचीच वाहवा करायचे. (बेंजोवाल्यावरही मी जळायला लागलो. सवय लागली की माणूस निवडत बसत नाही.) ट्रॉली शर्यतीच्या रस्त्याच्या मध्यावर, कडेला लावायची ठरली, तोंड शेवटच्या चौकाकडं करून.

आणि आता ते सांगतो जे मी दोन महिने कुणाला सांगितलं नव्हतं. पुकारणारा बाळूचं नाव घेईल, गर्दीच्या माना रस्त्याकडं वळतील, नेमका तेव्हाच आपण सुरू करायचं, असं मी बेंजोवाल्याला पटवलं. म्हटलं, गर्दी तेव्हा सगळ्यात जास्त असते. खरं कारण हे, की त्या एका मिनिटाला बाळूकडं वळलेल्या माना मला माझ्याकडं हव्या होत्या. त्याची ढाल जाऊ दे, असं माझ्या मनात नव्हतं. फक्त त्याच्याकडं बघणारी माणसं थोडी कमी व्हावीत, एवढंच.

पाडव्याला दुपारी चारला रस्त्याच्या दोन्ही कडा माणसांनी भरल्या. गच्च्यांवर माणसं, कंपाउंडवर माणसं. सुजाता, पिंकी, आई समोरच्या जोत्यावर. आबा परीक्षकांच्या शेजारी खुर्चीत. आठ-नऊ म्हशी पळून झाल्या. मग पुकारा झाला. बाळू गुलाबी फेटा बांधून गाडीवर बसलेला, मागं मैना, शिंगं लाल-सोनेरी, पाठीवर भादरताना केस राखून काढलेला मोर. लोक ओरडायला लागले. बाळूनं किक मारली, गाडी धडधडली, सुटली. मैना सुटली.

मी आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं (ते बेंजोवाल्याला सांगितलं नव्हतं) आणि जाड तार हाणली.

धुम-धुम-धुम-धुम.

मैना ट्रॉलीच्या समोर आली आणि थांबली. तिनं पुढं जाणाऱ्या गाडीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. धडधड दोन्हीकडून येत होती, पण एक धडधड लांब चालली होती आणि दुसरी इथंच होती, मोठी होती, आणि हल्लीच्या दिवसांत पेंड हिच्याजवळच मिळत होती. मैनेनं शांतपणे वळण घेतलं.

बाळू बघेल तर ना! मागं वळायचं नाही हा नियम. तो ताठ मानेनं, एक हात वर करून, गर्दीला नमस्कार करत एकटाच चौकाकडं निघून गेला. लोक हसत होते, त्याला वाटलं, कौतुक करताहेत.

इकडं मैना ट्रॉलीला भिडली. ताशेवाले दुसऱ्या बाजूनं उतरले. बेंजोवाला बेंजो सोडून उतरला. मला उतरता येईना, कारण पट्टा गळ्यात, केबल पायात आणि गिटारची लांब मान ट्रॉलीच्या दांडीत अडकलेली. मी वाजवायचं थांबवलं. मैनेनं पुढचे दोन्ही पाय ट्रॉलीच्या फळीवर ठेवले आणि ट्रॉली मागच्या बाजूला कलली. ट्रॅक्टरवर तालमीतला तानाजी होता. त्यानं मागं बघितलं आणि गिअर टाकला.

"वाजवा, सर," तो ओरडला. "थांबलासा तर वर चढंल ती."

मी वाजवलं. मैनेचे पाय खाली आले. ट्रॅक्टर पळाला, मैना मागून पळाली. आणि काय पळाली! मान सरळ, नजर समोर, घुंगरं एका तालात, ना डावीकडं बघणं ना उजवीकडं. दहा वर्षांत त्या रस्त्यावर अशी म्हैस पळालेली नाही, असं नंतर जाणकार सांगत होते. गर्दी वेडी झाली. टोप्या उडाल्या. पिंकी जोत्यावर उभी राहून टाळ्या वाजवत होती, 'बाबा, बाबा' म्हणत होती. काका नाही, बाबा! सगळ्या माना माझ्याकडं होत्या. मी भीतीनं अर्धा मेलो होतो, तरी खोटं कशाला बोलू, पाठ ताठ केली.

चौक आला. शेवटच्या रेघेपलीकडं बाळू उभा होता. गाडी बंद करून, नियम पाळून, अजून पाठमोराच. लोकांनी सांगितलं तेव्हा तो वळला. त्याच्या डोळ्यांदेखत ट्रॉली गेली, ट्रॉलीत मी, आणि माझ्यामागं त्याची मैना. त्यानं तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

तो चेहरा मी लगेच ओळखला. रोज दाढी करताना आरशात बघतो, तोच. शेवटी बाळू माझ्यावर जळला! एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते मिळालं, आणि मिळाल्यावर ते कुठं ठेवावं ते मला कळेना.

ट्रॉली थांबली. मैना जवळ आली, माझे हात हुंगले. पेंड नव्हती. मग तिनं गिटारच्या डोक्याला बांधलेलं लिंबू-मिरचीसकट खाल्लं. त्यानंतर तिनं जो हंबरडा फोडला, तो अँप्लिफायरशिवाय गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

परीक्षकांच्या टेबलाभोवती गर्दी जमली. एक जण म्हणाला, म्हैस मालकाच्या गाडीमागं आली नाही, बाळू बाद. दुसरा म्हणाला, पण थांबल्यानंतरची पळ बघा, पैलीच हाय. वस्ताद मधे बसलेले. सत्तरीचे, मोडलेल्या कानांचे, बोलायला सावकाश. त्यांनी मला बोलावलं आणि पुकाऱ्याचा माईक माझ्याजवळ सरकवला.

"म्हैस कुणाच्या मागं पळाली?"

"माझ्या."

"तुम्ही घरातलंच हाय न्हवं? मग मालक म्हणून तुमचं नाव घालाय हरकत न्हाय. घालू?"

फिरती ढाल, माझ्या नावाची. पुढं बी.कॉम. लिहायला जागा होती. आई बघत होती, आबा बघत होते. बाळू गर्दीच्या मागं उभा होता आणि मैनेच्या गळ्यातला पट्टा उगाचच सैल करत होता. फेटा सुटून खांद्यावर आला होता. दोन वर्षं घमेलं धरलं होतं त्यानं. थंडीत, पावसात.

मी माईकमध्ये म्हणालो, "वस्ताद, म्हैस माझ्यामागं पळाली नाही. गाडीच्या आवाजामागं पळाली. बाळूनं तिला गाडीच्या आवाजावर शिकवलीय, आणि माझी गिटार..." इथं मी थांबलो. पुढचं वाक्य सहा स्पीकरवरून पेठेभर ऐकू जाणार होतं. "माझी गिटार सायलेन्सर काढलेल्या गाडीसारखी वाजते."

 गर्दी जी हसली, ती अजून हसतेय.

वस्ताद हसले नाहीत. नियमाचा माणूस. म्हणाले, खात्री केली पाहिजे. त्यांनी डोळे मिटून घेतले. बाळूनं गाडी सुरू केली, बंद केली. मग मी वाजवलं. मी मन लावून वाजवलं. उगाच आशा, की थोडा तरी फरक कळावा. मग परत बाळू, परत मी. वस्तादांनी बराच विचार केला आणि डोळे उघडून निकाल दिला.

"फरक न्हाय. दुसरी गाडी जरा बिघडलेली वाटली, पण गाडीच. ढाल बाळूला."

दुसरी मी होतो.

बाळूनं ढाल घेतली, आबांच्या पायांवर ठेवली, मग माझ्याकडं आला. दादा, असं म्हणाला आणि सुटलेला फेटा गुंडाळायला लागला. मग म्हणाला, "खरंच तशी वाजत न्हाय रं गिटार. गाडीपेक्षा बरी वाजतीया." तो परत पहिल्यासारखा झाला होता. मला हायसं वाटलं, आणि रात्रीचं जेवण होईपर्यंत मी परत त्याच्यावर जळायला लागलो होतो.

बातमी पेपरात आली. मोठा फोटो होता. मधोमध मैना, मान उंचावलेली, शिंगं झळकणारी, मागं गर्दी. उजव्या कोपऱ्यात, नीट बघितलं तर, गिटारच्या पट्ट्यात अडकलेलं एक कोपर आहे. ते माझं. गेल्या महिन्यात कुरुंदवाडहून एका पाहुण्यानं फोन केला. म्हशीला वाजवणारे तुम्हीच का, असं विचारलं. मी हो म्हटलं. त्याला मैनेची रेडी हवी होती.

पिंकीनं यंदा नवा निबंध लिहिलाय. काका नाही, बाबाही नाही. दोन पानं मैनेवर. म्हणजे आता माझं बाळूशी काही वैर राहिलेलं नाही. आम्ही दोघं भाऊ मिळून म्हशीवर जळतो.

आईला पेपरातला फोटो फार आवडला. तिनं तो भिंतीवर लावायचं ठरवलं. कमरेएवढी ढाल फळीवर आल्यामुळं तशीही पदवी दिसत नव्हतीच, म्हणून तिनं सागवानी चौकट खाली काढली, काच पुसली, पदवीवरच फोटो ठेवला, मागून खिळे ठोकले आणि चौकट ढालीच्या वर, चांगली उंच टांगली. पदवी आत सुरक्षित आहे, असं ती मला सांगते. कुणी पाहुणा आला आणि तुम्ही शिकलेले दिसता, पदवी कुठं आहे असं विचारलंच, तर मी भिंतीकडं बोट दाखवतो आणि खरं तेच सांगतो :

म्हशीच्या मागं.